आज काय ठरवाचं हाय?

माझ्या नोकरीतली पहिली मीटिंग सुरू होण्याआधीच संपली.

मी तेव्हा नुकतीच अकोल्याहून वरूडला आले होते. शेतीचं शिक्षण झालेलं, त्यावर व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम केलेला, आणि नोकरी लागली ती संत्रा उत्पादक शेतकऱ्यांनी मिळून काढलेल्या एका कंपनीत. पदाचं नाव मुख्य कार्यकारी अधिकारी. या पदासोबत पॅकिंग हाऊसच्या कोपऱ्यातली एक पत्र्याची खोली, एक प्लास्टिकची खुर्ची आणि चार्जर हरवलेला लॅपटॉप मिळाला होता. तरी मी हुरळून गेले होते. संचालक मंडळाच्या पहिल्या बैठकीसाठी आठवडाभर खपून मी पडद्यावर दाखवायच्या रंगीत पाट्या तयार केल्या. पहिल्या पाटीवर ‘सुस्वागतम्’, त्याखाली संत्र्याचं चित्र.

बैठक पॅकिंग हाऊसच्या शेडमध्येच असायची. दारात संत्र्यांचं एक रिकामं कॅरेट ठेवलेलं होतं. येणारा प्रत्येक संचालक देवळाबाहेर चपला काढाव्या तसा त्यात आपला मोबाइल ठेवत होता आणि आत जात होता. मीही ठेवला. सगळे बसल्यावर अध्यक्ष उभे राहिले. उंच, वाळके, पांढरा शर्ट-पायजमा, भुवया अशा दाट की त्यांच्याखाली डोळे शोधावे लागत. हातात स्टीलचा ग्लास आणि चमचा. त्यांनी ग्लासावर चमचा वाजवला आणि माझ्याकडे वळले.

“मॅडम, आज काय ठरवाचं हाय?”

“आज ओळख आणि आढावा आहे, सर.”

“ते समजलं. ठरवाचं काय हाय?”

“ठरवायचं असं काही नाही. आधी आढावा घेऊ, मग पाहू.”

मागून कोणीतरी घसा खाकरला. ‘पाहू’ हा शब्द त्या शेडमध्ये बंद आहे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

“ठरवाचं काईच नाई,” अध्यक्ष सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “मंग एवढ्या लोकायले काहून बलावलं? ज्याच्या बागेत पानी सुरू असन त्यानं जाऊन पानी पाहावं. मीटिंग खतम.”

ग्लास पुन्हा वाजला. लोक उठले, कॅरेटमधून आपापले मोबाइल घेतले आणि खरंच निघून गेले. एक संचालक तर पार डोंगराच्या पायथ्याहून मोटारसायकलवर आले होते. त्यांनी गळ्याचा दुपट्टाही अजून सोडला नव्हता. तो तसाच पुन्हा डोक्याला गुंडाळत तेही गेले.

मी पडद्यासमोर उभी होते, आणि माझ्या चेहऱ्यावर ‘सुस्वागतम्’ची पिवळी-केशरी अक्षरं पडली होती. रडू येईल असं वाटत असतानाच अध्यक्ष जवळ आले आणि अगदी वेगळ्या आवाजात म्हणाले, “चाल पोरी, जेवाले. काकूनं पाटोडी केली हाय.”

मीटिंगमध्ये ‘मॅडम’ आणि मीटिंगबाहेर ‘पोरी’. पुढे कितीतरी वर्षं मी त्यांच्यासोबत काम केलं, पण या दोन शब्दांची अदलाबदल त्यांच्याकडून कधी झाली नाही.

काकू म्हणजे त्यांची बायको. मी उंबऱ्यातून आत येते न येते तोच तिनं माझा चेहरा पाहिला आणि नवऱ्याला विचारलं, “आज पन पळवले का लोक?”

“पळवले नाई. सोडले.”

“पहिल्याच दिवशी? त्या लेकराचं काई वाटलं नाई तुमाले?”

“वाटलं. म्हनून तं जेवाले आनलं.”

काकू अकोल्याची, म्हणजे माझ्याच गावची निघाली. त्या आनंदात तिनं मला पाटोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा रस्सा दोनदा वाढला आणि तिच्या लग्नाची हकिकत सांगितली. अध्यक्ष तेव्हा इकडच्याच एका गावच्या सोसायटीत सचिव होते. त्यांचा मुलगी बघायचा कार्यक्रम अकोल्याला होता. मुलगी दाखवून झाली, पोहे झाले, आणि दोन्हीकडची वडीलधारी मंडळी लग्न कुठं करायचं, कधी करायचं, यावर बोलायला बसली. चहा झाला. पुन्हा चहा झाला. जेवायची वेळ झाली. कोणाचे मामा कुठल्या लग्नात रुसले होते, इथपर्यंत बोलणं गेलं, पण पुढं काही सरकेना. मग आतल्या दारातून काकू स्वतःच बाहेर आली.

“मी म्हटलं, मुलगा मले पसंत हाय. लग्न अकोल्यात होईन, होळीच्या आधी होईन. कार्यालय माह्ये मामा पाहतीन. आनखी कोनाले काई बोलाचं हाय?”

“कोनालेच नोतं,” अध्यक्ष पोळीचा तुकडा मोडत म्हणाले. “मी तवालोक सोसायटीच्या सभेत बसून बसून म्हातारा होऊन राहिलो होतो. दर सभेचं इतिवृत्त मीच लिवो. चर्चा झाली, सविस्तर चर्चा झाली, विषय पुढच्या सभेत घेन्याचं सर्वानुमते ठरलं. लोक पुढच्या सभेत येत, आनं पुन्हा तेच लिवा. त्या दिवशी हिनं दाखवलं. काय कराचं, कोन करन, कधीलोक करन. खतम. माह्या जन्मातली पहिली कामाची मीटिंग अकोल्याले झाली, आनं ती हिनं घेतली.”

“मंग आता घरातल्या मीटिंगीचं अध्यक्षपद कोनाकडं हाय ते बी सांगा तिले,” काकू म्हणाली.

ते सांगायची गरज नव्हती.

पुढच्या बैठकीला मी एकच प्रश्न घेऊन गेले. संत्री धुवायचं मशीन फळांचा तोडा सुरू होण्याआधी दुरुस्त करायचं की यंदा आहे तसंच रेटायचं? अध्यक्षांनी ग्लास वाजवला आणि म्हणाले, “मॅडमनं सवाल आनला. बोला.” लोक बोलले. प्रत्येकाला वेळ सारखा. वेळ संपली की चमचा वाजायचा, आणि बोलणारा आमदाराचा जावई असला तरी बसायचा. दुरुस्त करायचं ठरलं. कोण करून घेणार ते ठरलं, कधीपर्यंत ते ठरलं. त्या क्षणी शेडच्या मागच्या दारातून चहा आला.

चहाची गोष्ट अशी होती की तो निर्णयानंतरच मिळायचा. किटली आधीच उकळून तयार असे. आल्याचा वास पत्र्याच्या भिंतीमागून येत राही, आणि माणसं त्या वासानं शहाणी होत. एकदा भरपूर वाद झाला, तेव्हा चहाचा अक्षरशः काढा झाला. तो पिताना एक संचालक म्हणाले, “पुढच्या टायमाले मी अर्ध्यातच हो म्हनतो बापा, पन असा चहा नको.”

‘पाहू’ या शब्दावर त्यांचा एवढा राग का, हे मला हळूहळू कळत गेलं. आपल्याकडे ‘नाही’ कोणी म्हणत नाही. ‘पाहू ना’ म्हणतात, आणि काम तिथंच गाडलं जातं. त्यामुळे बैठकीत कोणाच्या तोंडून ‘पाहू’ निसटलं की अध्यक्ष भुवया वर करून अगदी आदरानं विचारत, “काय पाहता? कुठं जाऊन पाहता? कधीलोक पाहता?” माणूस घाईनं म्हणे, “नाई नाई, करतो.”

सत्कारांचाही त्यांनी असाच बंदोबस्त केला होता. एकदा अमरावतीहून एक मोठे अधिकारी येणार होते. आमच्या लोकांनी शाल, नारळ, हार, सगळं आणून ठेवलं. अध्यक्षांनी ते सगळं सामान उचललं आणि स्वतः फाटकावर जाऊन उभे राहिले. साहेबांची गाडी थांबली, काच खाली झाली, आणि काचेतूनच शाल खांद्यावर, हार गळ्यात, नारळ मांडीवर. “तुमचा सत्कार झाला साहेब. आता आत चाला, काम हाय.” साहेब बैठकभर नारळ कुठं ठेवावा या विवंचनेत होते. निघताना मात्र मला म्हणाले, “मॅडम, उजेड असताना घरी जायचा योग फार वर्षांनी आला.” ते खूश होते की वैतागलेले, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

पण त्यांचा खरा लाडका नियम वेगळाच होता. “आधी त्याचं सांगा, मंग आपलं.” म्हणजे, समोरच्याला विरोध करायचा असेल तर आधी त्याचं म्हणणं आपल्या तोंडून सांगायचं. तो “हो, हेच” म्हणाला की मगच आपण बोलायचं. ऐकायला सोपं वाटतं. करून बघावं. दोन साडू आमच्याच मंडळात होते. लहान आकाराची संत्री वेगळी विकायची की मोठ्यांसोबत, यावर त्यांचं असं भांडण जुंपलं की घरी बायकांनीही एकमेकींशी बोलणं टाकलं. अध्यक्षांनी दोघांना समोरासमोर बसवलं. धाकट्यानं थोरल्याचं म्हणणं सांगितलं, थोरला म्हणाला, “असं नाई.” पुन्हा सांगितलं. “असं बी नाई.” शेवटी थोरल्यानं आपलं म्हणणं पहिल्यांदाच सरळ सांगितलं, आणि धाकटा तोंड उघडं टाकून बसला. “हेच तं मी म्हनून राहिलो दिवाळीपासून!” दोघंही लहान संत्री वेगळी विका असंच म्हणत होते. शेडमध्ये इतकं हसू झालं की पाखरं उडाली. त्या दिवशीचा चहा साडूंनी एकमेकांच्या हातात दिला.

आता मी नांदगाव पेठच्या एका कापड कारखान्यात आहे. तिथल्या मीटिंगा थंडगार खोलीत होतात आणि बिस्किटं आधीच येतात. मी कधी कधी बैठकीच्या सुरुवातीला विचारते, “आज काय ठरवायचं आहे?” सगळे एकमेकांकडे बघतात. माझ्या अंगात तो ग्लास वाजवायचं धाडस नाही.

हे सगळं वाचून अध्यक्ष म्हणजे सगळ्यांच्या गळ्यातले ताईत होते असं वाटेल. तसं नव्हतं. त्यांच्या चमच्यामुळं कितीतरी माणसं दुखावली जात, पण उघडपणे बोलत नसत. आणि सगळ्यांत जास्त दुखावले गेले ते अप्पा.

अप्पा म्हणजे पहिल्या दिवशी दुपट्टा न सोडताच परत गेलेले ते संचालक. डोंगराच्या पायथ्याची गावं त्यांच्याकडे होती. बोलायला लागले की अप्पा फार लांबून सुरुवात करत. विहिरीबद्दल बोलायचं असलं तर ती विहीर कोणी खणली, तेव्हा दुष्काळ कसा होता, तिथून निघत. आवाज मऊ, मधे मधे थांबत, आणि मुद्द्याच्या जवळ येतात न येतात तोच चमचा वाजे. अप्पा अर्ध्या वाक्यात थांबत, मान हलवत आणि बसत. कोणी हसत नसे. पण कोणी “बोलू द्या त्यायले” असंही म्हणत नसे.

एका वर्षी आंबिया बहाराचं, म्हणजे दिवाळीच्या सुमारास तोडायचं पीक भरघोस आलं होतं. पॅकिंगच्या मशीनवर कोणत्या गावाचा माल आधी चढवायचा, याची पाळी बैठकीत ठरत होती. अप्पा उभे राहिले, “आता असं हाय, आमच्या तिकडं पहिले रस्ताच नोता...” म्हणून सुरू झाले, आणि रस्ता डोंगराच्या वळणाशी येईतो चमचा वाजला. या वेळी अप्पा बसले नाहीत. दाराकडे गेले, कॅरेटमध्ये हात घालून आपला मोबाइल शोधला, आणि बैठक चालू असताना निघून गेले. असं आधी कधी झालं नव्हतं. अध्यक्ष क्षणभर दाराकडे बघत राहिले, मग म्हणाले, “पुढचा मुद्दा.”

थोड्याच दिवसांत डोंगराकडच्या संचालकांनी माझ्याकडे मागणी आणून दिली. विशेष सभा बोलवा. विषय: अध्यक्ष बदलणे. त्याशिवाय त्यांचं तोंडी सांगणं असं की, नाही झालं तर आमची गावं कंपनीतून निघतील. हंगाम तोंडावर आला होता. निम्मी गावं निघाली असती तर मशीन अर्धा दिवस रिकामं चाललं असतं, आणि कंपनी पुढच्या वर्षाचं तोंड बघती की नाही याची शंकाच होती.

मी घाबरत घाबरतच अध्यक्षांकडे गेले. त्यांनी मागणी वाचली. पुन्हा वाचली. आणि त्यांच्या चेहऱ्यावर, देवाशप्पथ सांगते, कौतुक दिसलं.

“एकच विषय लिवला. काय ठरवाचं हाय ते स्पष्ट हाय. पोरी, इतक्या वर्सात या लोकायनं अशी मुद्देसूद मागनी पहिल्यांदा केली.”

“अध्यक्ष, ही तुम्हाला काढायची मागणी आहे.”

“ते समजलं ना मले. पन बरोबर लिवली.”

सभेच्या दिवशी पेच असा आला की अध्यक्षांबद्दलचा विषय, म्हणजे सभा उपाध्यक्षांनी चालवायची. उपाध्यक्ष भले गृहस्थ, पण चारचौघांत बोलायचं म्हटलं की त्यांचे हात कापत. ते उभे राहिले, ग्लास हातात घेतला, चमचा खाली पाडला, वाकून उचलला आणि म्हणाले, “मले नाई जमत हे. अध्यक्ष, तुमीच घ्या.”

“माह्याच इरोधातली मीटिंग मी कशी घेऊ?”

आणि मग अप्पा बोलले, त्यांच्या त्या मऊ आवाजात. “त्यायलेच घेऊ द्या. दुसऱ्यानं घेतली तं गोंधळ होईन, आनं माह्यं कोनी आयकनार नाई.”

दोन्हीकडच्या लोकांनी माना हलवल्या. मी कंपनीच्या घटनेच्या पुस्तकात बघितलं. सगळ्यांची संमती असेल तर चालत होतं. अध्यक्षांनी ग्लास घेतला आणि वाजवला.

“आज काय ठरवाचं हाय? मी राहाचं का जाचं. अप्पा, बोला.”

अप्पांनी सुरुवात केली ती त्यांच्या वडिलांच्या बैलगाडीपासून. अध्यक्षांच्या बाजूचे लोक मनातल्या मनात चमच्याची वाट बघत होते. वेळ संपली. अध्यक्षांनी चमचा उचलला, थांबले, आणि तो खिशात ठेवून दिला.

“अप्पा, मी इचारतो, तुमी सांगा. तुमचा माह्यावर राग काहून हाय?”

“राग नाई...”

“राग नाई तं काय हाय?”

अध्यक्षांचा एक कट्टर माणूस मधेच उठला, “अरे, ज्या मानसानं कंपनी उभी केली...” अध्यक्षांनी त्याला तिथंच थांबवलं. “बसा. तुमची पाळी नाई.” आणि पुन्हा अप्पांकडे वळले. एक प्रश्न, मग दुसरा, वकिलासारखे नाहीत, तर हरवलेली वस्तू शोधायला मदत करणाऱ्या माणसासारखे. अप्पा अडखळत उत्तरं देत होते. मग अध्यक्ष म्हणाले, “आता नियमाप्रमानं मी तुमचं म्हननं सांगतो. अप्पाचं म्हननं हाय का मी उद्धट हाओ.”

“नाई,” अप्पा म्हणाले. “उद्धट हायेच तुमी, पन ते नाई.”

“मी बोलाले येळ देत नाई.”

“नाई. येळ देता. सगळ्यायले सारखाच देता.”

अध्यक्ष गोंधळले. त्यांना गोंधळलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. “मंग? सारखा येळ देनं चूक हाय का?”

अप्पांनी गळ्याचा दुपट्टा सोडून हातात घेतला. पत्र्यावर एक कावळा चालत होता, त्याच्या नखांचा आवाज येत होता.

“तुमी सारखाच येळ देता,” अप्पा शेवटी म्हणाले, “पन ज्याले बोलता येते त्याचा मुद्दा पहिले येते. ज्याचा मुद्दा पहिले येते त्याचा माल पहिले मशीनवर चढते. दर वर्सी आमची गावं शेवटी. तवालोक फळ झाडावरच पिकून गळून जाते. आमच्या तिकडं बोलनारे कमी हायेत, अध्यक्ष. संत्रा कमी नाई.”

अध्यक्ष उभे होते ते बाजूच्या उलट्या कॅरेटवर बसले. बैठकीत ते कधी बसत नसत. मग त्यांनी अप्पांचं म्हणणं पुन्हा सांगितलं, शब्द न गाळता, हळू. “असंच हाय का?”

“हो,” अप्पा म्हणाले. “हेच.”

“मले इरोधात बोलाचं होतं,” अध्यक्ष म्हणाले. “पन आता बोलाले काई नाई.”

मतदान झालं. अध्यक्षांनी स्वतःबद्दल मत द्यायला नकार दिला. हात वर झाले, मी मोजले, पुन्हा मोजले. दोन्हीकडे सारखे. घटनेप्रमाणे अशा वेळी सभा चालवणाऱ्याचं मत निर्णायक. हे मला मोठ्यानं वाचून दाखवावं लागलं. त्यांच्या बाजूचे लोक हसायला लागले होते. कोण स्वतःलाच काढणार?

अध्यक्ष म्हणाले, “मले आतालोक वाटे का मीटिंग चांगली चालवनं आनं लोकायचं आयकनं एकच हाय. ते दोन हाय. पहिलं मले येते. दुसरं अप्पाले येत असन, असं मले वाटते, कारन इतकी वर्सं त्यायनं आपल्या सगळ्यायचं आयकलं. माह्यं मत, अध्यक्ष बदला. आनं नवा अध्यक्ष म्हनून मी अप्पाचं नाव सुचवतो.”

“मले नको!” अप्पा घाबरून उभेच राहिले. “मले फक्त सांगाचं होतं!”

“सांगतलं ना. आता आयका.”

नाव मंजूर झालं. कापणाऱ्या हातांचे उपाध्यक्ष सगळ्यांत आधी टाळ्या वाजवत होते. त्याच बैठकीत ठरलं की पाळी दर वर्षी गावांमध्ये फिरवायची, यंदा डोंगराकडून सुरुवात. कोणतंच गाव कंपनीतून गेलं नाही. चहा आला. सगळे अध्यक्षांभोवती जमले, म्हणजे जुन्या अध्यक्षांभोवती. ते हसत होते, चेष्टा करत होते, अप्पांच्या पाठीवर थाप मारत होते.

संध्याकाळी काकूचा फोन आला. “पोरी, आमच्या यायची गाडी तिथं हाय का?”

मी बाहेर जाऊन बघितलं. त्यांची स्कूटर कडुनिंबाखाली उभी होती, किल्लीही तिला लागलेलीच.

“आहे. का हो?”

“चालत आले घरी. मी म्हटलं गाडी कुठं हाय, तं म्हनते कोनती गाडी.” मग काकूच म्हणाली, “राहू दे. सकाळी येऊन घेऊन जातीन. काई बोलू नको त्यायले.”

अप्पांच्या अध्यक्षतेखालची पहिली बैठक सकाळी सुरू झाली आणि दिवेलागणीला संपली. विषय एकच होता. प्रत्येक जण बोलला, काही जण दोनदा बोलले, अप्पा सगळ्यांचं मान हलवत ऐकत राहिले. चहा मधेच आला, मग जेवण आलं. जुने अध्यक्ष मागच्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते. त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं ते नाव जपताहेत. जवळ गेले तर ऐकू आलं, “मुद्दा, मुद्दा, मुद्दा...” पण ते एकदाही मधे बोलले नाहीत. शेवटी अप्पांनीच त्यांना जवळ बोलावून घेतलं. पुढे त्या दोघांची एक पद्धत बसली. ऐकायचं अप्पांनी, आणि अप्पांनी मान हलवून खूण केली की “तं ठरलं काय?” हे विचारायचं यांनी. त्या दोघांच्या मीटिंगा दुपारच्या जेवणाआधी संपत. माझ्या मते त्याच सगळ्यांत चांगल्या होत्या.

घरी मात्र काकूची पंचाईत झाली. हातात वेळ आला तसे ते तिच्या भजनी मंडळाच्या बैठकीत जाऊन बसू लागले. कोणतं भजन आधी म्हणायचं यावर त्यांनी बायकांना मुद्देसूद बोलायला लावलं. बायकांनी काकूला बाजूला घेऊन सांगितलं, एक तर हे येतील नाही तर आम्ही. काकूनं घरच्या अध्यक्षाच्या अधिकारात निर्णय दिला: दोघं चार दिवस चिखलदऱ्याला जाणार. चिखलदरा त्याच डोंगररांगेत, पण जन्मभर तिच्याकडे बघत राहिलेला हा माणूस तिथं एकदाही गेला नव्हता.

ते गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी गोदामात असताना काकूचा फोन आला. मागे वारा घोंघावत होता आणि खूप माणसांचा कालवा होता.

“पोरी, तुह्या अध्यक्षाले घेऊन जा इथून. मी थकली.”

“काय झालं काकू?”

“काय होईन! इथं पॉइंटवर अकोल्याची एक मोठी गाडी आली. धुकं पडून राहिलं, ड्रायव्हर म्हनते एकच ठिकान होईन, आनं त्यायच्यात भांडन लागलं. कोनाले कॉफीचा बाग पाहाचा, कोनाले देऊळ, पोरायले घोडा. अर्धा घंटा रस्त्यावर भांडून राहिले. आनं हे गेले ना मधात! ना ओळख ना पाळख. सगळ्यायले कठड्यावर बसवलं. आता मीटिंग घेऊन राहिले.”

मला हसू आवरेना. “लोक ऐकताहेत त्यांचं?”

“आयकून नाई राहिले तं काय! घोडेवाला बी येऊन बसला.”

“मग होईलच लवकर. त्यांना किती वेळ लागतो?”

“तेच तं,” काकू म्हणाली. “यायलेच आज घाई नाई. त्या लोकायची एक म्हातारी हाय. तिले कुठं जाचं ते तिले आठवूनच नाई राहिलं. कधी लग्न झाल्यावर आली होती म्हनते, तिथं झाड होतं म्हनते, पानी होतं म्हनते. बाकीचे चिडून राहिले. थांब, तूच आयक.”

तिनं फोन पुढं धरला असावा. आधी वारा आला, मग एक लहान मूल रडत होतं ते, आणि मग त्या सगळ्यातून तो ओळखीचा आवाज, जो मी इतक्या वर्षांत इतका हळू कधी ऐकला नव्हता.

“बोला आजी, बोला. आमाले काई घाई नाई. झाड होतं म्हनता... मंग पुढं?”